पेपर छापायला दीड लाख? लहान कॉलेजातल्या माणसाने संशोधन कुठे आणि कसं छापायचं?

तलावकाठ (भंडारा)

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी तालुक्याच्या गावात एका विनाअनुदानित कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. आमच्या भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक मामा तलाव म्हणतात. त्यातल्या काही तलावांत गावकऱ्यांनी बेशरम नावाचं तण उपटून देशी पाणवनस्पती परत लावल्या, काही तलाव तसेच राहिले. दोन्हीकडे माशांच्या जातींत काय फरक पडला याचा अभ्यास मी आणि आमच्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी मिळून केला. खरं सांगायचं तर यातलं निम्मं ज्ञान ढिवर, म्हणजे इथल्या मासेमार मंडळींचं आहे. मरळ कुठल्या कोपऱ्यात पिल्लं घेऊन फिरते, शिंगी आणि मागूर कुठल्या पाण्यात सापडतात, कुठली जात कधीपासून दिसेनाशी झाली, हे त्यांनी सांगितलं आणि आम्ही ते मोजलं, तपासलं, तक्त्यात बसवलं.

पेपर एका मोठ्या परदेशी प्रकाशकाच्या जर्नलला पाठवला होता. ते म्हणाले विषय आमच्यात बसत नाही, आमच्याच दुसऱ्या, वाचकाला फुकट असणाऱ्या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलला ट्रान्सफर करा. फी तिथे लिहिलेली होती पण खाली वेव्हरसाठी, म्हणजे फीमाफीसाठी अर्ज करता येईल असंही लिहिलेलं होतं, म्हणून पुढे गेलो. रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांचे अभिप्राय, चांगले आले, दुरुस्त्या झाल्या, आता पेपर घेतला म्हणतात आणि एपीसी, म्हणजे लेखकाने भरायची छपाईची फी, १८०० डॉलर. म्हणजे दीड लाखाच्या वर! वेव्हर मागितला तर दोन ओळींचं उत्तर आलं की भारत सवलतीच्या देशांत मोडत नाही. प्राचार्य म्हणाले संस्थेकडे यासाठी हेडच नाही, आणि माझा पगार इथल्या विनाअनुदानितवाल्यांना वेगळा सांगायला नको.

आता माझ्यापुढे तीन रस्ते आहेत असं लोक सांगतात. एक, कर्ज काढून भरा. दोन, पैसे न घेणाऱ्या पण सबस्क्रिप्शनवाल्या जर्नलला द्या, म्हणजे मग तो पेपर मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी सोडा, मलाही माझ्या कॉलेजातून उघडता येणार नाही. तीन, व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण मागे लागलाय, अडीच हजारात तीन दिवसांत छापून सर्टिफिकेटसकट देतो म्हणतो. चौथा रस्ता आहे का कुठला?

ग्रंथपाल_विदर्भ

सर, आधी अभिनंदन. रिव्ह्यू पार केलाय तुम्ही, ते कुठे जात नाही.

वेव्हरचं असं आहे की बहुतेक मोठे प्रकाशक आपोआप मिळणारी सूट रिसर्च फॉर लाइफच्या देशयादीवरून देतात. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या हिनारी या योजनेपासून हा कार्यक्रम सुरू झाला, गरीब देशांना जर्नल्स फुकट किंवा स्वस्तात मिळावीत म्हणून. भारत त्यात नाही. जागतिक बँकेच्या वर्गवारीत आपण निम्न-मध्यम उत्पन्नाचा देश, पण देशाची एकूण अर्थव्यवस्था मोठी, म्हणून आपण बाहेर. आता देशाचा जीडीपी मोठा असल्याने तालुक्याच्या कॉलेजातल्या मास्तराच्या खिशात काय फरक पडतो? पण नियम असा आहे. तरीही संपादकांना थेट एक पत्र लिहा, कारण यादीबाहेरच्यांना केस बघून सूट देण्याची सोय अनेक ठिकाणी असते आणि पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं छापील उत्तर असतं. ग्रँट नाही, संस्था पैसे देत नाही, हे प्राचार्यांच्या सहीने जोडा.

ओएनओएस म्हणजे वन नेशन वन सबस्क्रिप्शन, संस्थांना जर्नल्स वाचायला देणारी सरकारी योजना, तिच्याबद्दल पण सांगते, कारण इथे पुढे कोणीतरी विचारणारच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलं, ३ वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास जर्नल्स, ६३०० संस्था, कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे. मी ज्या कॉलेजात आहे ते यादीत आहे आणि फरक खरंच पडलाय. आमची मुलं पूर्वी पेपर हवा असला की पुण्या-मुंबईच्या मित्राला मेसेज टाकायची, आता स्वतः उघडतात. पण पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनातल्या संस्थांसाठी आहे, तुमच्यासारखी खासगी कॉलेजं बाहेरच. आणि ही मुख्यतः वाचायची सोय आहे. लिहिणाऱ्यांसाठी निवडक ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्समध्ये छापायला वर्षाला १५० कोटींची तरतूद आहे, पण तीही लाभार्थी संस्थांतल्याच लेखकांसाठी.

आता तुमचा चौथा रस्ता. लायसन्सच्या फॉर्मवर सही केली नसेल तर पेपर मागे घेता येतो. साधं पत्र लिहा, मागे घेतल्याचं लेखी उत्तर येऊ द्या, ते आल्याशिवाय दुसरीकडे पाठवू नका, एकाच वेळी दोन ठिकाणी पेपर असणं चालत नाही. मग दोन पर्याय. एक तर डायमंड जर्नल, म्हणजे लेखकालाही फी नाही आणि वाचकालाही नाही. डीओएजे ही मोकळ्या जर्नल्सची जागतिक सूची आहे, तिच्या साइटवर शोधताना फी न घेणारी जर्नल्स वेगळी काढायचा फिल्टर आहे, तो लावून बघा.

दुसरा पर्याय, तुम्ही ज्याला दोन नंबरचा रस्ता म्हणालात तोच, पण पुढचं एक पाऊल टाकून. सबस्क्रिप्शनच्या जर्नलला द्या आणि तुमची स्वतःची स्वीकारलेली प्रत, म्हणजे रिव्ह्यूनंतर दुरुस्त केलेली वर्ड फाइल, प्रकाशकाने सजवलेला पीडीएफ नव्हे, ती रिपॉझिटरीत, म्हणजे मोकळ्या ऑनलाइन संग्रहात ठेवा. बहुतेक प्रकाशक याला परवानगी देतात, काही लगेच, काही बारा महिन्यांनी वगैरे. कुठलं जर्नल काय चालवून घेतं ते शेर्पा रोमियोवर दिसायचं, हल्ली त्याचं नाव ओपन पॉलिसी फाइंडर झालंय. कॉलेजची रिपॉझिटरी नसली तर झेनोडो आहे, युरोपातली सर्न ही संशोधन संस्था चालवते, फुकट आहे, डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक मिळतो. हे सगळं कायदेशीर आहे आणि आपले लोक करतच नाहीत. दरवर्षी ओरिएंटेशनला सांगते, माना डोलावतात, आणि फाइल लॅपटॉपमध्येच राहते.

संपादक_दादर

मॅडमनी मुद्द्याचं सगळं सांगितलंय. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण एका छोट्या फी न घेणाऱ्या जर्नलच्या संपादनात बरीच वर्षं आहे.

फीशिवाय जर्नल चालत नाही असं जे पसरवलं जातं ते मला अजिबात पटत नाही. आमच्या मुंबईतलंच उदाहरण घ्या, केईएमचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमच्या स्टाफ सोसायटीचं, १९५५ पासूनचं. त्यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच सगळे लेख इंटरनेटवर मोकळे केले आणि लेखकांकडून फीही घेतली नाही, तेव्हा लोक म्हणाले वर्गणीदार पळतील. झालं उलटंच, लेख जास्त वाचले गेले, त्यांचे दाखले वाढले, बाहेरच्या देशांतून पेपर यायला लागले. त्या काळात मेडनो नावाच्या मुंबईच्याच छोट्या कंपनीने याच पद्धतीने देशातल्या डॉक्टरांच्या संघटनांची कितीतरी जर्नल्स ऑनलाइन आणली. ती कंपनी २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवरने घेतली. इथे उभं राहिलेलं घर शेवटी बाहेरच्या मोठ्या प्रकाशकाकडे गेलं, आणि हे आपल्याकडेच झालंय असंही नाही.

लॅटिन अमेरिकेने मात्र वेगळं केलं. ब्राझीलमध्ये १९९७ मध्ये सायलो सुरू झालं, मेक्सिकोतून २००३ मध्ये रेडालिक. सार्वजनिक पैसा आणि विद्यापीठं यांच्या जोरावर, स्पॅनिश-पोर्तुगीजमधली जर्नल्स एका छताखाली आणली. तिकडे जर्नल हे विद्यापीठाचं काम समजतात, ग्रंथालय चालवतात तसं जर्नल चालवतात. आपल्याकडे कागदावर कमी काही नाही. बंगळुरूच्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचे जुने-नवे लेख त्यांच्या साइटवर मोकळे आहेत, सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची जर्नल्स मोकळी आहेत, डीबीटी आणि डीएसटी या केंद्राच्या विज्ञान खात्यांचं २०१४ चं ओपन अ‍ॅक्सेस धोरण आहे, की आमच्या पैशातून झालेला पेपर रिपॉझिटरीत ठेवा. ठेवला नाही तर विचारतं कोण, हा प्रश्न आहे.

खर्चाचं पण सांगतो, कारण लोकांना खरंच कल्पना नसते. सॉफ्टवेअर फुकट, ओपन जर्नल सिस्टिम्स, कॅनडातल्या प्राध्यापक मंडळींनी बनवलेलं, जगभर हजारो जर्नल्स त्यावर चालतात. डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेची वार्षिक वर्गणी आणि वर चालू लेखामागे एक डॉलर. होय, एक. रिव्ह्यूअर सहसा पैसे घेत नाहीत, मोठ्यांकडेही नाही आणि आमच्याकडेही नाही. मग उरतं काय? माणूस उरतो. रात्री साडेदहाला जेवण झाल्यावर बसून कोणीतरी संदर्भ तपासतं, एकाच लेखकाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं ते एक करतं, नकाशाचं रिझोल्यूशन पुरेसं नाही म्हणून लेखकाला मेल करतं, रिव्ह्यूअरला तिसऱ्यांदा आठवण पाठवतं. आमच्याकडे हे काम करणाऱ्या ताई अर्धवेळ आहेत, त्यांचा पगार एका ट्रस्टच्या देणगीतून येतो आणि ती दरवर्षी नव्याने मागावी लागते. डायमंड जर्नल्स मरतात ती इथे मरतात. दर्जा नसतो म्हणून नाही, तर त्या एका माणसाचा पगार कोणी पक्का करत नाही म्हणून. ६००० कोटी वर्गणीला देता येतात तर त्यातला अगदी छोटा हिस्सा देशातल्या चांगल्या शे-दोनशे जर्नल्सच्या संपादकीय पगाराला दिला तर काय चित्र होईल, विचार करा!

संशोधक_संभाजीनगर

दादा, तुमचं सगळं मान्य, पण आमची अडचण ऐका. मी पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे, मुलाखतीला गेलं की पॅनलवर पहिला प्रश्न असतो स्कोपस या जर्नल-यादीत किती पेपर? पेपरात काय आहे ते कोणी विचारत नाही. डायमंड जर्नल चांगलं असूनही त्या यादीत नसलं तर माझ्यासाठी ते नसल्यासारखंच. मग ज्याच्याकडे पैसे आहेत तो एपीसी भरून दोन वर्षांत चार पेपर दाखवतो आणि शेतमजुराची मुलगी असलेली माझी मैत्रीण रांगेत उभी राहते, तिचं काम त्याच्यापेक्षा सरस असूनही. याला समान संधी कशी म्हणायची?

आणि तलावकाठ सर, तो अडीच हजारवाला नंबर ब्लॉक करा, प्लीज. आपल्याकडे अशा बनावट जर्नल्सचं पीक का आलं ते बघा ना, यूजीसीने बढतीला आणि पीएचडीला पेपर मोजायला सुरुवात केली, मोजायचं म्हटल्यावर यादी आली, यादीत विद्यापीठांनी कोणाचीही नावं घुसवली. २०१८ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सची तपासणी करून करंट सायन्समध्ये छापली, तपासलेल्यांपैकी ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी यूजीसीने ४३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग यूजीसी-केअर ही नवी यादी आली, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केल्याचं जाहीर झालं, आता संस्थांनीच ठरवायचं म्हणे. २०२२ च्या नियमात पीएचडीसाठी पेपरची सक्ती गेली तरी कित्येक गाइड अजून मागतातच.

मी स्वतः एवढंच बघते. डीओएजेमध्ये आहे का, संपादक मंडळावरच्या एखाद्या माणसाच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचं नाव सापडतं का, आणि जुना एखादा अंक उघडून आपल्या विषयातला एक लेख शेवटपर्यंत वाचायचा. तीन दिवसांत रिव्ह्यू होतो म्हणणारा रिव्ह्यू करतच नाही.

फक्त एक विनंती सगळ्यांना, अशा जर्नलमध्ये छापलेल्या प्रत्येकाला चोर म्हणू नका. अनेकांना कोणी सांगणारंच नसतं.

म्युनिकचा_कोल्हापूरकर

इकडची परिस्थिती सांगतो, म्हणजे विषमता किती सरळसरळ आहे ते कळेल. जर्मनीत डील नावाचे प्रकाशकांशी केलेले देशपातळीवरचे करार आहेत, विलीबरोबर २०१९ पासून, स्प्रिंगर नेचरबरोबर २०२० पासून, नंतर एल्सव्हियरही आलं. करारातल्या संस्थेचा माणूस करस्पाँडिंग, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक असला की फी करारातून जाते. मला आजवर बिल दिसलेलंच नाही. तलावकाठ सरांचा हाच पेपर, हेच मासे, हाच डेटा, पण करस्पाँडिंग म्हणून माझ्या संस्थेचा पत्ता असता तर १८०० डॉलरचा विषयच निघाला नसता.

आणि यातून एक वाईट प्रथा सुरू झालीय, भारतातले लोक मेल करतात की तुमचं नाव घालतो, करस्पाँडिंग तुम्ही व्हा, फी वाचेल. मलाही असे मेल आलेत. मी नाही म्हणतो, पण मेल करणाऱ्यावर मला राग येत नाही. ज्याने काम केलं नाही त्याच्या नावावर जाणं हे अनैतिक आहेच, पण ती वेळ कोणी आणली? आधी वाचायला पैसे लागायचे, गरीब वाचक बाहेर होता. आता वाचन मोकळं झालं आणि गरीब लेखक बाहेर झाला. २००२ मध्ये ओपन अ‍ॅक्सेसच्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात श्रीमंतांचं ज्ञान गरिबांपर्यंत आणि गरिबांचं श्रीमंतांपर्यंत जावं असं म्हटलं होतं, त्यातला दुसरा अर्धा भाग एपीसीने बंद केला. गेट्स फाउंडेशननेसुद्धा २०२५ पासून एपीसीला पैसे देणं थांबवलं आणि प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये येण्याआधीची मोकळी प्रत, टाका म्हणायला लागले, म्हणजे पैसेवाल्यांनाही हे पटेनासं झालंय.

सर, तुम्ही प्रीप्रिंट टाकलाय का? पेपर मागे घेतला की बायोआर्काइव्ह या साइटवर टाकता येईल, फुकट आहे, तारीख तुमच्या नावावर लागते, पुढे जर्नल ठरायला सहा महिने लागले तरी काम लोकांपुढे राहतं. तुम्ही बघत असलेलं नवं जर्नल प्रीप्रिंट चालवतं ना तेवढं आधी बघा, हल्ली बहुतेक चालवतात.

नदीकाठची

सगळे लेखकाबद्दल आणि वाचकाबद्दल बोलतायत, मला तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. ते ढिवर बांधव.

तलावकाठ दादा, तुम्ही स्वतःच लिहिलंय की निम्मं ज्ञान त्यांचं. मग पेपर मोकळा झाला तरी तो इंग्रजीत आहे, त्यांना तो मोकळा कसा? माझं म्हणणं, मराठीत चार पानं लिहा, फोटो घाला, मासे त्यांच्या बोलीतल्या नावांनी लिहा आणि ती प्रत त्याच झेनोडोवर पेपरला जोडून ठेवा, तिलाही डीओआय मिळेल. काही जर्नल्स दुसऱ्या भाषेतला सारांश पुरवणी म्हणून घेतात, विचारून बघा. आणि छापील प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती समिती प्रत्येक ठिकाणी असायला हवी, तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असते, त्यात तुमच्या नोंदी गेल्या तर उद्या तलावात कोणी काही करायला आलं की गावाच्या हातात कागद असेल.

पण मोकळेपणालाही एक मर्यादा असावी असं मला वाटतं. मी नदीवरच्या लोकांबरोबर काम करते, तिथे एका दुर्मिळ माशाची जागा आकडेवारीसकट एका लेखात छापली गेली आणि पुढच्या हंगामात बाहेरचे लोक जाळी घेऊन हजर. ज्यांनी विश्वासाने जागा दाखवली त्यांचंच नुकसान झालं. डेटा मोकळा करताना जीपीएसचे आकडे गोल करा, तालुक्यापर्यंतच ठेवा, आणि काय सांगायचं काय नाही ते त्यांना बसून विचारा. आदिवासी आणि स्थानिक समूहांच्या डेटासाठी केअर नावाची तत्त्वं आहेत, यूजीसी-केअरशी त्यांचा संबंध नाही, नाव फक्त सारखं. डेटावर समूहाचा हक्क असावा, फायदा त्यांना मिळावा, असं त्यात आहे. शोधून वाचा, चांगली आहेत.

आणि आभारात “स्थानिक मच्छीमारांचे आभार” अशी एक ओळ लिहून सोडू नका. त्यांची हरकत नसेल तर नावं लिहा. ज्याने सगळ्यात जास्त सांगितलं त्याला सहलेखक का करू नये?

तलावकाठ (भंडारा)

मंडळी, रात्रभर पुन्हा पुन्हा वाचलं. एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

ठरवलंय ते सांगतो. सही केलेली नाही, तर ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या तसं एकदा प्राचार्यांच्या पत्रासह सूट मागतो, नाही म्हणाले तर पेपर मागे घेतो. मॅडमशी (आमच्या कॉलेजातल्या) बोललो, त्या म्हणतात रिव्ह्यू झालेलं काम आहे, पुढच्या जर्नलच्या संपादकांना आधीचे रिव्ह्यू आणि आपली उत्तरं जोडून पाठवू, त्यांचाही वेळ वाचेल. डीओएजेवर फिल्टर लावून फी न घेणारी आमच्या विषयाची जर्नल्स काढली, त्यातली दोन देशातलीच आहेत, एकाचे जुने अंक वाचायला घेतलेत.

नदीकाठची ताई, तुमचं वाचून मी सोसायटीत गेलो होतो. त्यांना विचारलं की काय छापू नको? एका काकांनी लगेच सांगितलं, मरळ जिथे पिल्लं घेऊन फिरते ते कोपरे लिहू नका, बाकी सगळं लिहा. म्हणजे त्यांना उत्तर तयारच होतं, आम्ही विचारलं नव्हतं एवढंच. ते कोपरे दाखवणारे दोन नकाशे पेपरातून वगळतोय. सहलेखक म्हणून काकांचं नाव घालायचं तर ते म्हणतात आधी मराठीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा, मग सांगतो. त्यामुळे मराठी प्रत आधी होणार, इंग्रजी मागून.

संभाजीनगरच्या ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण आमच्या कॉलेजच्या निवड समितीत मी या वर्षी आहे, तिथे उमेदवाराचा एक पेपर तरी सगळ्यांनी वाचून यायचं असा आग्रह धरणार आहे.

एक शंका राहिली. प्रीप्रिंट बायोआर्काइव्हवर टाकला आणि नंतर स्वीकारलेली प्रत झेनोडोवर, तर दोन डीओआय होतील, त्याचा गोंधळ होतो का?

ग्रंथपाल_विदर्भ

नाही होत. जर्नलचा मिळून तीन होतील खरं तर. झेनोडोवर अपलोड करताना संबंधित कामांचा रकाना असतो, तिथे प्रीप्रिंटचा आणि जर्नलचा असे दोन्ही डीओआय टाका, मराठी प्रतीलाही तसंच. पहिल्या पानावर वर एक ओळ लिहा की ही स्वीकारलेली प्रत आहे, छापील लेख अमुक ठिकाणी. लायसन्स निवडताना मराठी प्रतीला सीसी बाय ठेवा म्हणजे कोणालाही नाव देऊन वापरता येईल, पण काकांना विचारून. इंग्रजी प्रतीला मात्र जर्नल जे म्हणेल तेच लायसन्स, स्वतःच्या मनाने टाकू नका. अडलं तर फाइल चढवायच्या आधी इथेच विचारा, मी संध्याकाळी असते.